चार मंडया आणि एक थांबलेला झुला

आमच्या मोपेडनं एका दिवसात चार थीम पार्क पाहिले. मोपेडनं पाहिले असं म्हणतो, कारण मी नुसतं हँडल धरून होतो. बारा वर्षं धानाची पोती वाहून ती इतकी शहाणी झाली आहे, की चढ आला की आपण होऊन थांबते आणि मला ढकलू देते.

सुरुवात भाऊबीजेच्या संध्याकाळी झाली. आमची नात नीतू कंपनीच्या कामानं अमेरिकेत आहे. तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझी बायको कुंदाबाई अंगणात ताट घेऊन बीजेच्या कोरीला ओवाळत होती. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. कुंदाबाईला भाऊ आहे. गोवर्धन नाव त्याचं. चांगला जिवंत, मिशीवाला, आणि आमच्या नवेगाव बांधहून चिचगडकडे निघालं की जंगल ओलांडून लागणाऱ्या आंबेबोडीत राहणारा. तरी पाच वर्षं ती चंद्रालाच ओवाळत होती.

"आजी, काल आम्ही एका दिवसात चार थीम पार्क केले," नीतू म्हणाली.

"केले म्हंजे? बांधले का व?" कुंदाबाईनं ताट खाली ठेवत विचारलं.

"पाहिले गं. सकाळी एक, दुपारी दोन, संध्याकाळी एक."

"थीम म्हणजे काय बेटा?" मी विचारलं.

"म्हणजे आबाजी, प्रत्येक पार्काची एक गोष्ट असते. एक जंगलाचं, एक पाण्याचं, एक राजवाड्याचं. तिथली सगळ्यात मोठी राइड घ्यायची, फोटो काढायचा आणि पुढच्या पार्कात पळायचं."

"हात्तिच्या. मी तरुणपणी तुझ्या आजीला एका दिवसात अकरा मंडया दाखवल्या. अकराव्या मंडईत पोचलो तर पहिल्या मंडईची गर्दी आमच्या मागंमागं आली होती."

"तीन," कुंदाबाई म्हणाली. "आन तिसरीत यायले उलटी झाली."

आमचा संसार असाच चालत आला आहे. मी आकडा सांगतो, ती कापते.

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला असतो. झुले येतात, जिलबी तळली जाते, शिंगाड्यांचे ढीग लागतात, रात्री नाटक होतं. आणि मुख्य म्हणजे लेकीजावयांना बोलावणं जातं. बोलावणं आलं नाही तर लेक माहेरच्या मंडईला जात नाही, मग तिचे पाय कितीही शिवशिवोत.

कुंदाबाईला पाच वर्षं बोलावणं आलं नव्हतं. येणार कसं? तिनंच नको म्हणून सांगितलं होतं.

झालं होतं असं. आंबेबोडीच्या मंडईत गावची पोरंबापे मिळून दंडार करतात. दंडार म्हणजे नाच, गाणी आणि मधूनमधून सोंगं. त्या वर्षी गोवर्धननं सोंग घेतलं गप्पाड्या जावयाचं. खांद्यावर माझ्यासारखा दुपट्टा, चष्म्याच्या काडीला माझ्यासारखा दोरा. "मी नवेगावच्या तलावात असा मासा धरला जी," तो म्हणाला, "का त्याले भायेर काढलं तं तलावात गुडघाभर पानी उरलं." मंडप हसून लोळला. सगळ्यात जास्त मी हसलो, कारण मासा माझाच होता. हसता हसता बाजूला पाहिलं तर कुंदाबाईची खुर्ची रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भावाला सांगितलं, "माझ्या मानसाले भऱ्या मंडईत लबाड केलं तू. आजपासून मले बोलावनं धाडू नोको." आणि त्या हट्टी माणसानं खरंच धाडलं नाही.

आम्ही जातीचे कोहळी. तलावाची पाळ घालणं हे आमच्या वाडवडिलांचं काम. भावाबहिणीनं ते एकमेकांच्या मध्ये केलं, आणि असं पक्कं केलं की पाच पावसाळ्यांत थेंब झिरपला नाही.

मधे पावसाळ्यात गोवर्धनला छातीत दुखलं. गोंदियाला दवाखान्यात ठेवलं होतं. बातमी मीच घरी आणली. ती चुलीकडे वळली. त्या दिवशी भाजीत मीठ तीनदा टाकलं. मी ती भाजी मुकाट्यानं संपवली, आणि तेव्हाच ठरवलं की यंदाची मंडई चुकू द्यायची नाही. पण सरळ म्हटलं तर ती आडवी होणार. नीतूच्या चार पार्कांनी मला वाट दाखवली.

"आपणही एका दिवसात चार पार्क करू," मी दुसऱ्या दिवशी म्हणालो. "अमेरिकेची पोरगी आपल्याला हरवते म्हणजे काय?"

कुंदाबाईचा एकच कच्चा दुवा आहे, झुला. जत्रेत बाकीच्या बायका बांगड्यांकडे वळतात, ही मान वर करून आकाशझुला, म्हणजे तो गोल फिरणारा उंच पाळणा, शोधते.

"परत्येक ठिकानी झुला घेईन," ती म्हणाली.

"घे."

"आन आंबेबोडीचं नाव काढाचं नाई."

"नाही काढणार."

मी काढलंही नाही. रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, त्याला मी काय करणार? त्याच रस्त्यावरच्या तीन गावांच्या मंडया आंबेबोडीच्याच दिवशी येतात, यालाही लोक योगायोग म्हणतात.

त्या दिवशी ती पोपटी लुगडं नेसून मागं बसली. मांडीवर कापडी पिशवी. "पोळ्या घेतल्या," म्हणाली. पोळ्या खळखळ वाजतात हे मला त्या दिवशी कळलं, पण बायकोला सगळंच विचारू नये.

पहिली मंडई चिचटोल्याची. हे आमचं जंगलाचं पार्क. गाव संपतं तिथंच सागाची झाडं सुरू होतात. झुला जुना, लाकडी, चार पाळण्यांचा, दोन माणसं हातानं ओढतात. आमच्या समोरच्या पाळण्यात एक लांब शेपटीचं वानर येऊन बसलं. त्यानं आधी खिशातून काढून तिकीट दाखवलं, मग बसलं.

"तिकीट नोयतं त्याच्यापाशी," कुंदाबाई म्हणाली. "उडी मारून बसलं होतं."

म्हणजे वानर होतं, हे लक्षात घ्या. त्या वानरानं खाली उतरल्यावर तिच्या पिशवीला हात घातला. कुंदाबाईनं त्याच्या डोक्यात अशी चप्पल हाणली की ते दोन्ही हात जोडून निघून गेलं. पिशवी तिनं छातीशी धरली होती. पोळ्यांसाठी इतका जीव टाकणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

दुसरी मोहघाट्याची. हे पाण्याचं पार्क. बोडीच्या पाळीवरच मंडई भरते. बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तलाव. मासे धरणारे ढिवर लोक आपल्या डोंग्यातून, म्हणजे लहान नावेतून, ताजे शिंगाडे आणून काठावर ओततात. इथं मोठी राइड होती कोलंबस, ती झोके घेणारी लोखंडी नाव.

"तुमाले जमन का?" कुंदाबाईनं विचारलं.

"मी समुद्रावर वादळात..."

"तुमी समुद्र कवा पायला जी?"

नाव वर गेली तेव्हा मी डोळे मिटले. खाली आली तेव्हा पोटातले शिंगाडे वर येऊ लागले. मी उतरून पाळीवर बसून राहिलो. कुंदाबाई आणखी एक फेरी मारून आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गार पाण्याची बाटली हातात दिली.

"नीतूले सांगू का?"

"नको."

"बरं," ती म्हणाली, आणि तिथं बसल्या बसल्या मला शिंगाडे सोलून दिले. तोंडाला चव यावी म्हणून.

पुढच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना धान कापून पडलं होतं. कापल्या धानाचा तो कोरडा गोड वास येत होता. कुंदाबाईनं मागून माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

"हा रस्ता कोठं जाते?"

"पुढं."

"पुढं कोठं?"

"चिचगडला."

"आन मधात काय लागते?"

"हवा लागते. पदर घे तोंडाला."

"गाडी फिरवा."

मी गाडी थांबवली. म्हणालो, धाबेबोडी समोर दिसते आहे, तिथला आकाशझुला यंदा नवा आहे, तेवढा घे. तीन होतील. चौथं राहिलं तर राहू दे.

तिनं झुल्याकडे पाहिलं. धाबेबोडीचा तो झुला विजेवरचा, आणि इतका उंच, की वरच्या पाळण्यातल्या माणसाला उद्याचा सूर्य आज संध्याकाळी दिसतो.

"हा झुला घेऊ, आन सीधे घरी," ती म्हणाली.

माझा डाव तिथंच संपला होता. तिला भावाच्या दारापर्यंत आणलं आणि शेवटच्या गावातून परत न्यायचं. पुढच्या भाऊबीजेला पुन्हा अंगण, पुन्हा ताट, पुन्हा चंद्र. आणि गोवर्धनच्या छातीचा काय भरवसा?

झुला वर गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून कुंदाबाईची नजर अशी झाली आहे, की ती आमच्या ओट्यावर बसून शेजारच्या गावात कोणाच्या घरी पाहुणे आले ते सांगते. धानाच्या बांध्यांपलीकडं पाणी चमकलं. आंबेबोडीची बोडी, तिच्या पणज्यानं बांधलेली. बोडीच्या काठाला मंडई, आणि मंडईत आकाशझुला.

पहिल्या फेरीत तिनं डोळ्यांवर हात धरला. दुसऱ्या फेरीत मान वळवून पाहिलं. तिसऱ्या फेरीत माझा दंड धरला.

"तेथचा झुला काऊन नाई फिरून रायला?"

"माणसं जेवायला गेली असतील."

"मंडईच्या दिवशी? भऱ्या दुपारी?"

गावात मयत झाली की मंडईतला झुला थांबवतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातून गोवर्धन मंडई समितीचा अध्यक्ष. दुसऱ्या कोणाकडे मयत झाली तर झुला थोडा वेळ थांबेल. अध्यक्षाच्या घरी झाली तर...

"थांबव गा," कुंदाबाई खाली वाकून ओरडली. "आमाले उतरव."

पाळणा खाली टेकायच्या आधी ती उतरली. मोपेडपाशी माझ्या आधी पोचली.

"कोठं जायचं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण सवय.

"चाला ना जी आता."

मी बोडीच्या पाळीवरचा आडरस्ता धरला. त्या दिवशी मोपेडनं दोन ट्रॅक्टर आणि एक जीप मागं टाकली. एका ठिकाणी नाला होता, तो तिनं उडून पार केला. एरवी कुंदाबाईनं त्या नाल्याचं डबकं केलं असतं. त्या दिवशी तिनं फक्त "जोरात" म्हटलं. माझ्या सदऱ्याचा चोळामोळा तिच्या मुठीत होता, आणि वाऱ्यात मला तुटक तुटक ऐकू येत होतं, "पावसाड्यातच जावाले पायजे होतं. दवाखान्यातच जावाले पायजे होतं."

मी आरशात पाहिलं नाही. काही गोष्टी आरशात पाहू नयेत.

आंबेबोडीच्या मंडईत पोचलो तर भोंग्यावर गाणी चालू. जिलबीची कढई चालू. पोरं पिपाण्या वाजवत होती. मयतीच्या गावात पिपाण्या वाजत नाहीत. फक्त झुला तेवढा उभा, आणि पाळण्यांत बसलेली माणसं वैतागून वर पाहत होती.

"गोवर्धनभाऊ, पुरे करा ना जी," एक बाई ओरडली. "पोट्ट्यानं लुगडं ओलं केलं माझं."

अगदी वरच्या पाळण्यात, डोक्याला भगवा फेटा बांधून, कपाळाला हात लावून गोवर्धन बसला होता. नजर मोठ्या रस्त्यावर, नवेगावच्या बाजूला. आम्ही आलो होतो मागच्या पाळीवरून.

कुंदाबाई होती तिथंच खाली बसली. धुळीत. पोपटी लुगड्यासकट. पिशवी मांडीवर घेऊन दोन-तीनदा मोठा श्वास घेतला. मी हात दिला तो तिनं धरला, पण उठली नाही. तिथूनच हाक मारली.

"गोवर्धन."

फेटा गर्रकन वळला.

"बाई?"

"उतर खाली."

"कसा उतरू? जनरेटर बंद पडला."

जनरेटर माझ्या पायाशी होता. तो इतका धडधडत होता की मला त्या दोघांचं बोलणं ऐकायला कानाला हात लावावा लागत होता. झुलेवाला गोंदियाकडचा पोऱ्या. त्यानं कान खाजवला.

"माताजी, जनरेटर तो चालू है. बाबूजी हर साल ऊपर रुकवाते हैं. बोलते हैं, ऊपर से नवेगाव का रोड दिखता है."

कुंदाबाई उठली. लुगड्याची धूळ झटकली. मला वाटलं आता रडेल. ती खालच्या पाळण्यात जाऊन बसली आणि पोऱ्याला म्हणाली, "फिरव."

आता हे नीट ध्यानात घ्या. ती सगळ्यात खाली, तो सगळ्यात वर. झुला फिरला की ही वर जाणार, तो खाली येणार. दोघं कधी जवळ यायचे नाहीत. पाच वर्षांचं भांडण त्यांनी असं समोरासमोर, पण झुल्याच्या दोन टोकांना बसून केलं, आणि अख्खी मंडई दंडार पाहावी तशी खाली जमा झाली.

"बोलावनं काऊन नाई धाडलं?" ती वर जाता जाता ओरडली.

"तूच म्हनलं होतं, नोको धाडू," तो खाली येता येता.

"मी म्हनलं. पन तू आयकलं काऊन? लहानपनापासून कवा आयकलं माझं?"

गर्दीतल्या बायकांनी "खरं आहे" म्हणून माना हलवल्या.

"मी दवाखान्यात होतो तवा तू आली नाई," गोवर्धन वरून म्हणाला.

ती खाली होती. तिनं मांडीवरची पिशवी घट्ट आवळली. मग मीच कठड्याशी जाऊन वर तोंड करून ओरडलो, "त्या दिवशी तिनं भाजीत तीनदा मीठ टाकलं. मी खाल्ली आहे."

"तुमी चूप राहा जी," कुंदाबाई म्हणाली.

"हो भाऊजी, तुमी चूप राहा," गोवर्धनही म्हणाला. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

पोऱ्या शहाणा निघाला. दोन्ही पाळणे सारख्या उंचीवर आले तेव्हा त्यानं झुला थांबवला. मधे नुसते लोखंडी आरे. आरपार दोघं एकमेकांकडे पाहत होते. गोवर्धन वाळला होता. फेट्याखाली त्याचं तोंड लहान पोरासारखं दिसत होतं.

"माझ्या मानसाले लबाड म्हनाचा हक माझा हाय," कुंदाबाई म्हणाली. आता ओरडत नव्हती, तरी खाली ऐकू आलं. "पन्नास वर्सं आयकून घेतलं मी त्यायचं. तुझा हक नाई तो."

"नाई माझा," गोवर्धन म्हणाला.

"दंडारीत नाई, घरात नाई."

"नाई करत बाई. चुकलं." जरा थांबून तो म्हणाला, "फेट्याखाली लय गरम होऊन रायलं. उतरू का आता?"

ती हसली तेव्हा पाळणाही हलला.

फोटोचं मात्र बिघडलं. त्या वेळी मी मोबाइल काढला, पण चष्म्यावर धूळ होती, की आणखी काही होतं. फोटोत अर्धा आरा आणि एक भगवा ठिपका आला आहे.

गोवर्धनच्या घरी पाट मांडला तेव्हा कुंदाबाईनं पिशवी उघडली. तिच्यात एकही पोळी नव्हती. पितळी ताट, निरांजन, कुंकवाचा करंडा, सुपारी, पुडीत अक्षता, आणि नवा दुपट्टा. मी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे तुला सकाळीच ठाऊक होतं रस्ता कुठं जातो?"

"तुमाले काय वाटलं? पाट्या मले वाचता येत नाईत?" ती वात वळत म्हणाली.

"मग गाडी फिरवा असं का म्हणालीस?"

"तुमी फिरवता का, ते पाहाले."

तिनं गोवर्धनला ओवाळलं. भाऊबीज उलटून गेली होती, पण त्या घरात कोणी पंचांग काढलं नाही. गोवर्धननं खाली मान घालून ओवाळून घेतलं आणि मान बराच वेळ वर केली नाही. बाहेर झुला एकदाचा फिरू लागला होता, पोरांचा गलका आत येत होता.

तेवढ्यात नीतूचा कॉल आला. मी तिला फोटो धाडले होते.

"आबाजी, वानर मस्त आहे. आजी तर हिरॉइन. पण शेवटच्या फोटोत काय आहे? आणि किती पार्क झाले शेवटी?"

मी भाऊबहिणीकडे पाहिलं. एका ताटात जेवत होते. का कोण जाणे, मला त्या दिवशी काही वाढवून सांगावंसं वाटलं नाही.

"चार, बेटा," मी म्हणालो.

"चार कायचे?" कुंदाबाई मागून म्हणाली. "सात झाले. आन शेवटच्याचा झुला असा गेला का माझं डोकं आभाळाले टेकलं."

गोवर्धननं घास थांबवला. त्याचं तोंड उघडलं. बहिणीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"सात, नीतू," तो म्हणाला. "मी वरून मोजले."